नानांनी दार लावून केलेली शेव

घाटनांदूरच्या राधाकिशननानांच्या घरी दिवसाला पन्नासेक कप चहा व्हायचा. तो कोण करतं, हे नानांना विचारण्यात अर्थ नव्हता. चहा व्हायचा, सतरंजी अंथरली जायची, ताट समोर यायचं. नानांचं सगळं आयुष्य असं आपसूक घडलेलं. पंचायत समितीला निवडून आले तेव्हा ते म्हणाले, "मी काय केलं, लोकांनीच केलं." पुढच्या खेपेला पडले तेव्हाही त्यांनी हेच वाक्य म्हटलं, फक्त आवाज जरा उतरलेला होता.

पडल्यावरही माणसं यायची थांबली नाहीत. सातबाऱ्यावर नाव लावायचं असो, सुनेला नांदायला आणायचं असो नाहीतर नुसतं सावलीला बसायचं असो, गावातली पावलं नानांच्या बैठकीकडेच वळत. पहाटे म्हशीची धार निघायच्या आधी दार उघडायचं आणि रात्री शेवटचा माणूस जांभया देत उठला की ते नुसतं लोटलं जायचं. कडी लावलेली कोणी पाहिली नव्हती. नाना ही गोष्ट भाषणात सांगायचे. "माझं दार गावासाठी चोवीस तास उघडं हाय," असं म्हणून ते थांबायचे, आणि टाळ्या पडायच्या.

दोन वर्षांमागे केशरबाई गेल्या. नानांच्या मालकीण. तेव्हापासून चहाचं काम सालगडी बिभीषणाकडे आलं आणि भाकरी भावकीतल्या चतुराकाकू शेजारून पाठवू लागल्या. म्हणजे नानांच्या दृष्टीनं काहीच बदललं नाही. चहा होत होता, भाकरी होत होती. फक्त घराच्या मधल्या खोलीत पाऊल टाकायचं ते टाळत होते, आणि ते का, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

अशात सोमवारी सकाळी लिंबागणेशहून लेकीचा फोन आला. प्रियदर्शनीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत, त्यामुळे डोहाळजेवण आटोपून तिला कधी आणायचं एवढंच ठरायचं बाकी आहे, असं नाना धरून चालले होते.

"नाना, मी बाळंतपणाला इथंच राहते म्हणते," ती म्हणाली.

"कावून?"

"बीडचा दवाखाना जवळ पडतो."

"आंबाजोगाईला काय दवाखाने न्हाईत? मोठे मोठे हायत."

"दवाखान्याचं न्हाई वो नाना. घरी कोण हाय?"

"मी हाय की."

"तुमी हाव. आन् तुमच्यासंगं सगळं गाव हाय. मी बाळाला घिऊन बसू कुठं? सोसायटीच्या चेअरमनच्या मांडीवर? सासूबाई बी तेच म्हणतेत. म्हणतेत, तुझं माहेर न्हाई, चावडी हाय ती."

नानांना निवडणुकीत पडल्यावरही एवढं लागलं नव्हतं. तिथं निदान मतं मोजून पाडलं होतं.

"माय, मी करतो की समदं," ते म्हणाले.

"चहा येतो का करायला?"

"आपल्याकडं दिवसाला पन्नास कप होतो."

"करतं कोण?"

"होतो."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. लेक हसली म्हणजे अजून बोलणी फिसकटलेली नाहीत, हे नानांना राजकारणातल्या अनुभवानं कळलं. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "बरं, एक करा. रविवारी डोहाळजेवण हाय. मला किती दिस झाले आईची शेव खावी वाटाया लागली. तुमी शेव करून आणा. आणली तर येते मी."

"एवढंच व्हय?"

"सोताच्या हातानं, नाना. बंकट आचाऱ्याच्या न्हाई, चतुराकाकूच्या न्हाई, आन् आंबाजोगाईच्या दुकानातली तर बिलकुल न्हाई."

नानांच्या मनात नेमकी हीच नावं नेमकी याच क्रमानं चालली होती. त्यांनी फोन ठेवला आणि बंकटला बोलावणं धाडलं. हात स्वतःचे लावायचे, पण अक्कल दुसऱ्याची चालेल, असा त्यांनी अटीचा अर्थ लावला होता.

बंकट आचारी म्हणजे पंचक्रोशीतल्या पंगतींचा बादशहा. सप्ताह असो, लग्न असो, तेराव्याचं जेवण असो, बंकटची कढई चढल्याशिवाय कुणाच्या पोटात घास जात नसे. गावजेवणापेक्षा लहान स्वयंपाक त्यानं उभ्या जन्मात केला नव्हता. स्वतःच्या घरी तो बायकोच्या हातचं खायचा आणि वर नावं ठेवायचा.

"शेव व्हय? सोपी हाय," बंकट म्हणाला. "एका कट्ट्याला चार वंजळी मीठ, दोन वंजळी ववा, तांब्या-दोन तांबे कडकडीत मोहन आन् एक मूठ सोडा."

"बंकट, कट्टा न्हाई. डबाभर पीठ हाय."

बंकट विचारात पडला. पन्नास किलोच्या कट्ट्याखाली त्याचं गणित कधी गेलंच नव्हतं. त्यानं मीठ कमी केलं, ओवा कमी केला, मोहनाचा तांब्या अर्ध्यावर आणला. सोड्यापाशी मात्र तो अडला.

"सोडा मूठभर तर लागतोच, नाना. मुठीच्या खाली माप हाय का काही?"

पंगतीच्या माणसाचं हे म्हणणं नानांना पटलं. त्यांनीही आयुष्यात जे काही वाटलं ते मुठीनंच वाटलं होतं. त्यांनी बाह्या सरसावल्या, बोटातली अंगठी काढायची राहिली ती पिठात गेली, ती शोधून काढली, आणि डबाभर पिठात मूठभर सोडा टाकून मळायला बसले. बंकटनं सप्ताहाची कढई आणली होती. तिच्यात म्हैस आंघोळीला बसली असती. तिच्या तळाशी तेल दिसत होतं ते माजलगावच्या धरणात दुष्काळी सालात उरतं तेवढं.

नानांनी सोऱ्या दाबला. शेव तेलात पडली, फसफसली, फुगली, कढईभर नारिंगी फेस आला, आणि फेस बसल्यावर बघतात तर शेव नाही. बंकटनं झाऱ्यानं तळ चाळला तेव्हा हातात तेल पिऊन तर्र झालेला चुरा आला.

"हे काय झालं, बंकट?"

"बुंदी म्हणू," बंकट म्हणाला.

भिंतीपलीकडून चतुराकाकूंचा आवाज आला, "बुंदीनं ऐकलं तर अब्रूनुकसानीचा दावा लावील."

चतुराकाकू सत्तरी उलटलेल्या, दातांनी गेलेल्या आणि जिभेनं शाबूत. नाना साठीचे झाले तरी त्यांना त्या 'किसन' म्हणत. नानांनी अंगणाच्या भिंतीवरून डोकं काढून विनवणी केली तेव्हा काकू मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मी सांगणार न्हाई. पोरीची अट हाय. बघायला तिनं मनाई केली न्हाई, म्हणून बघती."

मंगळवारी गावभर झालं की नाना शेव करतायत. बैठकीत एरवीपेक्षा दुप्पट माणसं जमली आणि चूल मागच्या अंगणात पेटली असल्यानं बैठक उठून मागच्या अंगणात आली. पाहायला आलेला माणूस गप्प बसेल तर तो घाटनांदूरचा कसला. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, थोडं तांदळाचं पीठ टाका, खुसखुशीत होते. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, लिंबू पिळा, तेल कमी पितं. एकानं मोबाइलवर व्हिडिओ लावला, त्यातल्या बाईंनी दही घातलं. कुणी लसूण म्हणालं, कुणी दूध म्हणालं, आणि बसस्टँडवरच्या केशकर्तनालयाचे मालक म्हणाले, पीठ आधी तासभर उन्हात ठेवा.

आता इथं नानांचा स्वभाव आडवा आला. तीस वर्षांत त्यांनी समोरच्या माणसाला नाही म्हटलेलं नव्हतं. नाही म्हणायचं असलं की ते "बघू" म्हणायचे. पण पिठापुढे बघू म्हणून चालत नाही, पीठ समोरच असतं. म्हणून त्यांनी सगळ्यांचं ऐकलं. तांदूळ गेले, लिंबू गेलं, दही गेलं, दूध गेलं, लसूण गेला आणि मग जे काही जमलं ते तासभर उन्हातही ठेवलं. असा तो सर्वपक्षीय गोळा सोऱ्यात भरला तर सोऱ्याचा दांडा फिरेना. दोघांनी सोऱ्या धरला, नानांनी दांडा रेटला, आणि बाहेर पडली ती शेव तळल्यावर गंजलेल्या तारेसारखी झाली. नानांनी एक तुकडा दाराशी बसलेल्या कुत्र्याला टाकला. कुत्र्यानं तो हुंगला, नानांकडे एकदा बघितलं, आणि उठून ते विरोधी पार्टीच्या घराकडे चालू लागलं.

माणसं मात्र खात होती. कडाकडा आवाज करत खात होती आणि म्हणत होती, "लई भारी, नाना." "एकच नंबर." "मालकिणीची आठवण झाली बघा."

शेवटच्या वाक्यावर नाना उठून आत गेले. थोड्या वेळानं मागच्या दारी आले तेव्हा माणसं पांगली होती आणि चतुराकाकू उंबऱ्यावर बसल्या होत्या.

"भारी झाली म्हणत होते," नाना म्हणाले.

"तुला निवडणुकीत बी आसंच सांगितलतं त्यांनी."

काकूंना जरा कणव आली असावी. त्या म्हणाल्या, "किसना, केशर शेव करायची तवा मधलं दार लावून घ्यायची. ठावं हाय का तुला?"

"न्हाई."

"कसं आसंल. तू दाराच्या त्या अंगाला आसायचास. लोक म्हणतेत, तळणाला बघे लागले की तळण तेल पितं. मला ते काय खरं वाटत न्हाई. पर बघणारा बोलतो. बोलला की आपण ऐकतो. ऐकलं की हात चुकतो. हे मातर खरं." एवढं बोलून त्या उठल्या आणि उठता उठता म्हणाल्या, "मी शेवेचं काहीच सांगितलं न्हाई बरं का. दाराचं सांगितलं."

बुधवार नानांनी विचारात घालवला. दार लावायचं म्हणजे काय ते त्यांनाच माहीत. ज्या दारावर भाषणं केली, टाळ्या घेतल्या, ते गावाच्या तोंडावर लावायचं. पुढच्या वर्षी जिल्हा परिषदेला उभं राहायचं मनात होतं. दार लावलेल्या माणसाला कोण मत देतं? पण रविवार जवळ येत होता, आणि लेकीचं 'चावडी हाय ती' कानातून जात नव्हतं.

गुरुवारी सकाळी चहाची पहिली फेरी झाल्यावर नाना उठले आणि सगळ्यांना म्हणाले, "आज जरा पारावर बसा. बिभीषण तिथंच चहा आणील." माणसं इतकी चकित झाली की मुकाट उठली. नानांनी दार ढकललं. पहिल्यांदा ते बसेना, कारण चौकट फुगली होती. मग कडी कोयंड्यात जाईना, कारण इतक्या वर्षांत दारानं मान टाकली होती आणि कडी एकीकडे, कोयंडा दुसरीकडे, असं झालं होतं. नानांनी खांदा लावला, दगडानं ठोकलं आणि एकदाची कडी बसली.

बाहेर पारावर हाहाकार झाला. नाना पक्ष बदलतायत हे तर पहिल्या कपालाच ठरलं. कोणत्या पक्षात, यावर दुसरा कप गेला. आत कोण कोण बसलंय याचा अंदाज घ्यायला दोघं जण घराला वळसा घालून आले आणि सांगते झाले, "आतून तळणाचा वास यायलाय."

"म्हणजे प्रवेश मोठा दिसतोय," चेअरमन म्हणाले.

आत नाना एकटे होते. घर इतकं गप्प असू शकतं हे त्यांना नवीन होतं. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. चिमण्या कुठल्या वळचणीला आहेत ते कळत होतं. ते मधल्या खोलीत गेले. सोऱ्या आणि लहान कढई केशरबाईंच्या फळीवर होती. फळीकडे जाताना त्यांचा हात मधल्या दाराच्या कडीला लागला. पुढच्या दाराची कडी गंजलेली, तांबरलेली, आणि ही मात्र चांदीसारखी गुळगुळीत, हात लागून लागून झिजलेली. नाना बराच वेळ ती कडी वर-खाली करत उभे राहिले. तिचा आवाजसुद्धा होत नव्हता.

मग ते चुलीपुढे बसले. या खेपेला त्यांनी डबाभर पीठ घेतलं नाही, वाटीभर घेतलं. मुठीच्या खाली माप असतं, याचा शोध त्यांनी स्वतःचा स्वतः लावला. त्याला चिमूट म्हणतात. चिमूटभर सोडा टाकला तरी शेव तेलकट झाली, म्हणून पुढच्या वाटीला सोडाच टाकला नाही. ती टणक झाली, म्हणून चमचाभर तापलेलं तेल पिठात सोडलं. ती बरी झाली, पण ओवा सोऱ्याच्या भोकात अडकून बसला, तो दाभणानं काढावा लागला, तेव्हा ओवा वाटून त्याचं पाणी घालायचं सुचलं. जाळ जास्त झाला की वरून करपायची आणि आतून कच्ची राहायची. प्रत्येक वाटीची शेव ते एकटेच खात होते, आणि वाईट लागली की वाईट लागली असं एकट्यालाच सांगत होते. खोटं बोलायला समोर कोणी नव्हतंच.

शुक्रवारी दार लागलेलंच होतं. सुताराला बोलावून नानांनी कोयंडा हलवून घेतला. शनिवारी दुपारी एका वाटीची शेव त्यांनी भिंतीवरून चतुराकाकूंना दिली. काकूंना दात नव्हते, म्हणून त्यांनी ती दुधात भिजवली, चघळली आणि म्हणाल्या, "मी सांगणार न्हाई." पण वाटी परत दिली ती पुसल्यासारखी रिकामी होती.

रविवारी नाना लिंबागणेशला पोचले तेव्हा अंगणात मांडव होता आणि फुलांच्या पाळण्यात प्रियदर्शनी बसली होती. हिरवं लुगडं, अंगावर फुलांची वाडी. तिच्या शेजारी विहीणबाई, छबुबाई. छबुबाईंचा दरारा असा की त्यांच्यासमोर जावईबापूच काय, मांडववालासुद्धा हळू आवाजात बोलत होता. नानांनी डबा पुढे केला. झाकण उघडलं. आत शेव होती, म्हणजे शेवच होती, याबद्दल वाद नव्हता. काही जाड, काही बारीक, एका बाजूला सोनेरी आणि एका बाजूला तांबूस-काळसर.

छबुबाईंनी एक तुकडा उचलून उजेडात धरला. "इवाई, ही तुमीच केली, हे पटलं मला."

"कशावरनं, इनबाई?"

"असली इकायला कोणी ठिवणार न्हाई."

बायका हसल्या. प्रियदर्शनीनं मूठभर उचलून तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावू लागली. नाना तिच्या जबड्याकडे बघत होते. मतमोजणीच्या खोलीबाहेरही ते असे कधी उभे राहिले नव्हते.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

"पुढच्या बारीला घालतो."

"आईसारखी न्हाई झाली."

"न्हाई झाली, माय."

तिनं दुसरी मूठ घेतली. छबुबाईंनी मात्र डब्यावर हात ठेवला. "शेवेचं झालं. बाळंतिणीला काय शेव खाऊ घालणार हाव? तिला निजायला लागतं. बाळाला पाजायला आडोसा लागतो. तुमच्याकडं माणूस उठला की दुसरा बसतो. माझी सून मी चावडीत धाडायची न्हाई, इवाई. राग येऊ देऊ नका."

नानांनी घसा खाकरला. समोर पन्नास बायका होत्या, मांडव होता, आणि अशा ठिकाणी बोलायला त्यांना एरवी कागदही लागत नसे. पण आश्वासन देणारी सगळी वाक्यं एकदम गोळा झाली आणि नानांना ती सोमवारच्या चुऱ्यासारखी वाटली. ते खाली बसले.

"इनबाई, गुरुवारपासून दार लावलेलं हाय आमचं," ते म्हणाले.

"आन् माणसं?"

"पारावर बसतेत. बिभीषण चहा तिथंच नेतो. मी संध्याकाळी घटकाभर जाऊन येतो."

प्रियदर्शनीचं चावायचं थांबलं. "नाना, पुढचं दार? त्याची कडी तर बसतच नव्हती."

"सुतार आणलता. कोयंडा हलवला. मधली खोली सारवून घेतली. काकू रात्री तिथंच निजते म्हणाली. बाकीचं मला येत न्हाई अजून. न्हाणीचं पाणी, शेक, धुरी, काय काय असतं म्हणे. इचारून इचारून करीन."

"आन् लोक काय म्हणाया लागले?" छबुबाईंनी विचारलं.

"म्हणतेत, मी पक्ष बदलला."

छबुबाई हसल्या नाहीत, पण त्यांचा डब्यावरचा हात उचलला गेला. सुनेकडे वळून त्या म्हणाल्या, "तू काय म्हणतीस?"

"मी शेव खाती हाय," प्रियदर्शनी म्हणाली. मग तोंडातला घास गिळून, डोळे पुसत, ती म्हणाली, "जेवणं झाली की निघू नाना. ऊन उतरल्यावर. गाडी हळू चालवायला सांगा."

ऊन उतरेपर्यंत डबा रिकामा झाला. नावं ठेवत, करपलेले तुकडे बाजूला सारत बायकांनी तो फस्त केला. निघताना छबुबाई तो घेऊन आत गेल्या, कारण आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो. बाहेर आल्या तेव्हा डबा जड होता.

"यंदाची हरभऱ्याची डाळ हाय," त्या म्हणाल्या. "हिचं पीठ दळा. तुमचं पीठ जुन्या डाळीचं हाय, मागून कडवट लागतं."

नानांच्या स्वतःच्या रानात दहा एकर हरभरा होता, आणि बाजारात त्यांच्या हरभऱ्याला नाव होतं. हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं. लेक गाडीत बसून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तोंड मिटलं आणि डबा दोन्ही हातांनी घेतला.

"बारशाला मी येणार," छबुबाई गाडीच्या खिडकीशी येऊन म्हणाल्या. "तवा खाईन तुमच्या हातची शेव. आजची मी खाल्ली न्हाई, असं समजा."